उथळ पाण्यातली चाल

राजाजीनगर, बंगळूर
ता. ९ फेब्रुवारी १९६६

प्रिय उपेंद्र यांना,
प्रतिमाचा नमस्कार.

अरविंदभाऊजींचं पत्र सोमवारी मिळालं. तुमचा ताप उतरला हे वाचून बरं वाटलं. आईंना माझा नमस्कार सांगा. सांगलीला अजून गारठा असेल, त्यांना पहाटे थंड पाण्यात हात घालू देऊ नका. इथे आता दुपारी चटका बसायला लागलाय. शेजारच्या यल्लव्वाक्का संध्याकाळी माझ्यासाठी दोन भाकऱ्या झाकून ठेवतात. कॉलेजातून आल्यावर मला स्टोव्ह पेटवायचंही त्राण नसतं, हे त्यांनी न विचारता ओळखलंय.

तुमच्या कारखान्यातले कृष्णाजी बसच्या रांगेत भेटले. ड्रॉइंग विभागातली बसून करायची जागा अजून तुमच्यासाठी ठेवली आहे, पण साहेब फार दिवस थांबणार नाहीत, म्हणाले. "वहिनी, त्याला एकदा सांगा तरी." मी सांगते म्हटलं. हे सांगितलं.

मी बरी आहे. एवढं लिहून मघापासून नुसती बसले होते. मग वाटलं, निदान घोडीचं लिहावं.

पायाच्या दुखण्यानंतर तुम्ही इस्पितळातून घरी आलात त्याच सुमाराला ती आमच्या जनावरांच्या कॉलेजात आली. रेसकोर्सवर सकाळच्या सरावात कठड्यावर आदळली होती. उजव्या खांद्याची शीर दुखावली आणि पुढचा पाय उचलेना. मालक तिला गोळी घालणार होते. आमच्या डॉ. त्रिविक्रम रावांनी तिला मागून घेतलं आणि शेवटच्या वर्षाचं काम म्हणून माझ्या हवाली केलं. "स्वल्प बघू या, अम्मा. नाही जमलं तर नाही," एवढंच म्हणाले.

सकाळी गरम पाण्याचा शेक, मग खांद्याला चोळणं, मग पाय हातात धरून गुडघ्यात दुमडायचा, सोडायचा, पुन्हा दुमडायचा. ऊन कलल्यावर तिला तळ्याच्या काठाच्या उथळ पाण्यात चालवायचं. पाणी अंगाचा भार थोडा पेलतं, आणि पाय ओढत नेता येत नाही, उचलावाच लागतो. मोतद्दार पिराजी दोर धरायचा, मी खांद्याला हात लावून बाजूनं चालायची. साडी कंबरेला खोचून मी पाण्यात उतरले की वर्गातली मुलं सुरुवातीला काठावर जमायची. नंतर त्यांनाही कंटाळा आला. कंटाळवाणंच काम आहे ते. कित्येक आठवडे काहीही होत नाही. आज थोडं बरं वाटतं, उद्या ती पहिल्यासारखी पाय ओढते. मला तर काही दिवस तिचं तोंडही बघावंसं वाटत नसे.

तिच्या खांद्याचं मांस झिजून खळगा पडलाय, तो भरणार नाही. ती पळणार नाही. पण आता चारी पाय टेकून चालते. मागच्या आठवड्यात मातीत लोळली आणि आपली आपण उठली. पिराजी हसत होता. मला हसू आलं नाही. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि तिथेच डोळा लागला.

हे वाचून तुम्हाला वाटेल, मी टोमणा मारते आहे. तसं नाही. त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही, म्हणून आज लिहिते. तेल लावून मी तुमचा पाय चोळत होते, आई दारात उभ्या होत्या. दिवसभर घोडीशी अर्धं कानडी बोलून जिभेला सवय लागलेली, आणि तोंडातून निघून गेलं, "सरी, सरी, अक्का, आता दुमड." तुम्ही माझा हात झिडकारलात. "मी तुझी घोडी नाही," म्हणालात. आई पदर तोंडाला लावून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी भाऊजींना तार गेली आणि तुम्ही आईंबरोबर सांगलीला निघालात.

तुम्ही घोडी नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. घोडीला राग यायचा तेव्हा ती लाथ झाडायची आणि मोकळी व्हायची. तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपायचात. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम केलात का विचारलं तर "हो" म्हणायचात, आणि पायाला बांधायची वाळूची पिशवी जिथल्या तिथे पडलेली असायची. मी रोज दोन ठिकाणी हात लावून विचारत होते, दुखतंय का? एका ठिकाणाहून उत्तर यायचं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. तुमची गाडी सुटली तेव्हा मला हलकं वाटलं. घरी येऊन मी दार लावलं आणि दिवसाउजेडी झोपून गेले. जागी झाले तेव्हा तुम्ही घरात नाही हे आठवून पुन्हा कूस वळवली. मला याची लाज वाटली पाहिजे, पण तेवढीही ताकद उरलेली नाही. तुमच्यावरची माया आटली असं समजू नका. फक्त थकले आहे.

भाऊजी लिहितात, "वहिनी, परीक्षा पुढच्या वर्षी देता येईल. तुम्ही सांगलीला आलात तर दादा उभा राहील." मी येणार नाही. माझ्या येण्यानं तुम्ही उभे राहिला असता तर इथेच राहिला असता. आणि परीक्षा मी देणार आहे. लग्नाच्या बैठकीत माझे काका गप्प बसले होते, तेव्हा तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणाला होतात, "हिचं शिक्षण मध्येच थांबवायचं नाही." त्या एका वाक्यावर मी तुम्हाला होकार दिला होता.

आणखी एक. कुणिगलच्या रस्त्यावर घोड्यांचा एक खाजगी फार्म आहे. घोडीला तिथे पैदाशीसाठी घेतलंय. अशी अधू जनावरं सांभाळायला त्यांना मदतनीस डॉक्टर हवा होता. राव सर म्हणाले, "बाईमाणूस म्हणून ते का-कू करतील." फार्मचे मालक येऊन घोडीची चाल बघून गेले आणि मला विचारलं, "केव्हापासून येता?" मी परीक्षा झाल्यावर येते म्हटलं. तुम्हाला न विचारता म्हटलं.

हे घर मी सोडत नाही. आठवडाभर तिकडे राहीन, शनिवारी इथे येईन. तुम्ही कामावर रुजू झालात तर मधले दिवस तुम्हाला एकट्याला काढावे लागतील. भात लावणं तुम्हाला जमतं. यल्लव्वाक्का आहेत. व्यायामाचं मी पुन्हा कधी विचारणार नाही.

यायचं ठरवलंत तर मिरजेहून मेलनं या. मी स्टेशनवर येईन, पण डब्यापर्यंत येणार नाही. फाटकाबाहेर उभी राहीन. काठी घ्या, सामानाला हमाल करा, मध्ये बाकावर बसा. सगळी माणसं पांगली तरी मी तिथेच असेन. हात तुम्ही मागितलात तरच पुढे करीन.

आणि यायचं नसेल तर तसं कळवा. भाऊजींकडून नको, स्वतः लिहा.

तुमच्या अक्षराची वाट पाहणारी,
प्रतिमा