एव्होराचे आळशी करकोचे

एव्होरा, ३ मार्च

ती. नेदकामावशीस,
रालित्साचा सा. न. आणि लांबूनच एक घट्ट मिठी.

तुझं पार्सल अगदी पहिल्या तारखेला सकाळी आलं! घरमालकीणबाई, दोना फेलिस्मिना, स्वतः जिना चढून ते घेऊन आल्या आणि मी उघडेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. तुझ्या हातची लाल-पांढऱ्या दोऱ्याची मार्तेनित्सा त्यांनीच माझ्या मनगटावर बांधली. वर्षातला पहिला करकोचा दिसेपर्यंत ही सोडायची नाही, दिसला की मनातली इच्छा मागायची आणि दोरा फुललेल्या झाडाला बांधायचा, असं मी त्यांना समजावलं. त्या हसतच सुटल्या आणि मला ओढत खिडकीशी घेऊन गेल्या. समोरच्या धुराड्यावर करकोच्यांची जोडी चोची वाजवत उभी! अगं, इथले करकोचे हिवाळ्यातही कुठे जात नाहीत. आता हा धरायचा की नाही? तूच सांग.

दुसरी बातमी वाच आणि लगेच नाही म्हणू नकोस. मे महिन्यात आमचा, शेवटच्या वर्षाच्या मुलांचा, फितींचा सोहळा आहे. काळे झगे घालून, रुंद रंगीत फिती उंच धरून आम्ही चौकात उभे राहणार. प्रत्येक फितीवर आपल्या माणसाने चार शब्द लिहायचे असतात. मैत्रिणींनी माझ्या बाकीच्या फिती कधीच भरून टाकल्या, घरच्या माणसाची तेवढी कोरी आहे. आईबाबांच्या मागे मला वाढवलंस तू, तेव्हा ती तुझी. पण इथे येऊन लिहायची. येशील ना?

उत्तर पत्रानेच दे. फोनवर तू नुसतं कोंबड्यांचं सांगत बसतेस.

लोभ आहेच, दोरा तुटला तरी तो तुटू नये.
तुझी रालित्सा

त्रोयान, १४ मार्च

चि. रालित्सा हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

इथे अंगणात अजून बर्फ आहे आणि तुझ्याकडे करकोचे धुराड्यावर शेकत बसलेत, हे वाचून माझा नुसता जळफळाट झाला. शेजारच्या ग्रोझ्दानकाकांना पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, दिसला म्हणजे दिसला, पोरीला दोरा सोडू दे. त्यांना काय कळतंय! करकोचा समुद्र ओलांडून, थकूनभागून येतो, म्हणून त्याचं एवढं कौतुक. जो घर सोडून कुठे जातच नाही तो कसला करकोचा? ती लांब तंगड्यांची कोंबडी! असल्या आळश्यांकडे काही मागू नकोस. लांबून आलेला खरा करकोचा दिसेल तेव्हाच दोरा सोड.

फीत पाकिटात घालून पाठव, मी लिहून परत पाठवते. विमानात बसण्याइतकं माझं काळीज घट्ट नाही, तुला माहीत आहे. आणि कोंबड्यांकडे कोण बघणार?

स्वेटर घालत जा. लोभ विचारू नकोस, तो पार्सलात होताच.
मावशी

एव्होरा, २ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. आणि एक भांडण.

दोरा आता ओळखू येत नाही. पशुवैद्यकाच्या प्रात्यक्षिकाच्या वेळी एका मेंढीने त्याचं टोक चावून खाल्लं. लाल दोरा बघून सरांना वाटलं मला जखम झाली आहे, आणि मैत्रिणी म्हणतात की मी कुणाच्या तरी प्रेमात पडून नवस बोलले आहे! करकोचे तर आमच्या वर्गाच्या छपरावरसुद्धा आहेत. त्यांना बघून न बघितल्यासारखं करत मी सगळं गाव फिरते.

पण मग मला तुझाच नियम आठवला. जो घर सोडून कुठे जातच नाही तो लांब तंगड्यांची कोंबडी, नाही का? मग जवळच्या प्लोवदिव शहरातसुद्धा कधी मुक्कामाला न गेलेल्या माझ्या मावशीला काय म्हणायचं? तंगड्या तर तुझ्याही लांबच आहेत!

बरं, गंमत पुरे. फीत मी पाठवणार नाही. कोरी घेऊन उभी राहीन, पण पाकिटात घालणार नाही. त्या दिवशी सगळ्यांच्या आया चौकात असतील, मावशी. मला तिथे तू हवी आहेस.

रागावलीस तरी लोभ चालू ठेवावा.
रालित्सा

त्रोयान, २५ एप्रिल

चि. रालित्सा हिस,
आशीर्वाद देणार नव्हते, पण हाताला सवय आहे.

मावशीला कोंबडी म्हणतेस? पत्र चुलीत घालायला निघाले होते. तेवढ्यात ग्रोझ्दानकाकांनी ते वाचलं, आणि तेव्हापासून फाटकाशी आले की हात पंखांसारखे फडफडवून दाखवतात! सहन करायलाही काही मर्यादा असते. शेवटी त्यांनाच बरोबर घेऊन सोफियाला गेले आणि तिकीट काढून आले. कोंबड्या त्यांच्याच गळ्यात बांधल्या आहेत. भोगा म्हणावं!

विमानात शेजारी कोण बसेल कोण जाणे, मी त्याचा हात सोडणार नाही. मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या आणतेय. फीत धुऊन इस्त्री करून ठेव.

बाकीचा लोभ समक्ष.
मावशी

एव्होरा, ४ जून

ती. मावशीस,
सा. न. आणि तुझ्यावाचून खोली खायला उठते ही तक्रार.

तू सुखरूप पोचलीस, फार बरं वाटलं. दोना फेलिस्मिना अजून भेटेल त्याला सांगतात की बसमधून आधी लाल मोज्यांतले लांब पाय उतरले, मग बरण्यांची पिशवी आणि शेवटी मावशी! अख्ख्या स्टँडसमोर मी करकोचा आला, करकोचा आला असं ओरडले, त्याबद्दल मुळीच माफी मागणार नाही. तिथल्या जांभळ्या फुलांच्या झाडाला बांधलेला आपला दोरा अजून आहे, कालच बघून आले.

फीत मी चौकात उंच धरली खरी, पण तू बजावलं होतंस म्हणून तुला बसमध्ये बसवल्यावरच वाचली. मला वाटलं होतं, आशीर्वाद असेल. तू लिहिलं आहेस, 'विमान फार हलतं. तरी आले.' मैत्रिणी अर्थ विचारत होत्या. मला रडूच आवरेना.

दोरा बांधताना मी काय मागितलं, असं तू चार-चारदा विचारलंस. काहीच नाही, मावशी. मागायला काही उरलंच नव्हतं. तुझा नियम येण्याआधीच, पहिल्या तारखेला, त्या धुराड्यावरच्या आळश्याकडे बघून मी मागून टाकलं होतं, की मे महिन्यात माझी मावशी इथे येऊ दे. तेव्हा त्या बिचाऱ्याला पुन्हा कोंबडी म्हणू नकोस.

लोभ असाच जागा ठेव, आणि जुलैत फाटकाशी उभी राहा. या वेळी लांबून मी येणार आहे.
तुझी रालित्सा