दुपारची फेरी

३ एप्रिल १९७८

अकोल्याच्या रुग्णालयातल्या माझ्या सोबतच्या सिस्टर यमुताईनं निघताना बळेच बांधून दिलेले धपाटे बडनेऱ्यालाच संपले. पुढचा सगळा प्रवास मी खिडकीशी नुसती हसत बसले होते. समोरच्या बाईला वाटलं असेल, हिच्या घरी लग्न आहे.

मेट्रन! उमरेडच्या विणकराची पोर, जिचा बाप शेवटपर्यंत मागावर वाकून बसला, ती ज्या रुग्णालयात शिकली तिथलीच मेट्रन होऊन आली. बाबा असते तर त्यांनी काही बोलून दाखवलं नसतं, पण त्या दिवशी माग बंद ठेवला असता.

स्टेशनवर गोपिका आली होती, युनिफॉर्मवरच, हातात मोगऱ्याचा गजरा. हॉस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. आधीच्या मेट्रनबाई निवृत्त झाल्यापासून असिस्टंट मेट्रन म्हणून तीच काम सांभाळत होती. खरं तर ही जागा तिचीच. तिनं ती नाकारली आणि डीनसाहेबांना माझं नाव सांगितलं. मी विचारलं, तूच का नाही झालीस? तर म्हणाली, ''मले नाही जमत वं ते खुर्चीत बसणं. तू आली, झालं आता.'' मग रिक्षात माझा हात धरून रडली. मीही रडले.

क्वार्टर छान आहे. अंगणात कडुनिंब, मागं मोरी, खिडकीला कूलर. तिनं डब्यात पाटोडीची भाजी आणली होती. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं. इतकं चांगलं जेवण किती दिवसांत झालं नव्हतं.

९ एप्रिल

आठवडा कसा गेला कळलं नाही. केवढा पसारा आहे हा! डॉक्टर येतात, बघतात, जातात. रुग्णालय चालतं ते नर्सेसच्या पायांवर. आणि त्या पायांकडे बघायला मेट्रनशिवाय कुणी नसतं. शिकाऊ मुलींच्या जेवणघरात पंखा नव्हता, तो लावून घेतला. रात्रपाळीनंतर लगेच लेक्चरला बसवायची पद्धत बंद केली. एका मोठ्या सर्जनसाहेबांना ते रुचलं नाही. गोपिका त्यांच्यासमोर माझ्या बाजूनं उभी राहिली.

इथली एक जुनी रीत मला फार आवडली. डॉक्टर जेवायला गेले, नातेवाईक बाहेर काढले, की मेट्रननं एकटीनं सगळ्या वॉर्डांतून फेरी मारायची. पेशंट त्याच वेळी खरं काय ते सांगतात. सकाळच्या राउंडला गोपिका माझ्यासोबत असते, दुपारी मात्र कधीच नाही. मी चिडवलं, म्हातारी झालीस, झोप लागते तुला. ती हसली नाही.

१८ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. तळमजल्यावर लू लागलेल्यांसाठी वेगळा वॉर्ड उघडला. बर्फाच्या लाद्या, ओल्या चादरी, वाळ्याचे पडदे. वॉर्डाची जबाबदारी सिस्टर बायजाबाईंवर दिली. अनुभवी आहेत, माझ्याहून वयानं मोठ्या, एका शब्दानं कामाला लागतात.

आज दुपारी फेरीला गेले तर नत्थूजी नावाचे एक आजोबा माझ्याकडे बघून हसले. कन्हानचे आहेत, वाळूच्या ट्रकवर काम करताना उन्हानं भोवळ येऊन पडले. मी कसं वाटतं म्हणून विचारलं. ते म्हणाले, ''आत्ताच त येऊन गेले ना तुमी, बाई. डोक्यावर हात ठेवला. लय थंडगार वाटलं मले.''

ताप डोक्यात गेला की माणसं असं बोलतात. चादर ओली करून घेतली आणि पुढे गेले.

२० एप्रिल

नत्थूजी गेले. काल संध्याकाळपर्यंत ताप उतरला होता, घरी पाठवायचं ठरलं होतं. त्यांच्या शेजारच्या बाईनं मला हाक मारून विचारलं, काल दुपारी पाजलं तसं पाणी मलाही पाजता का? मी कुणालाच पाणी पाजलं नव्हतं.

गोपिकाला सांगितलं. तिनं टेबलावरचा पेपरवेट उचलून पुन्हा जागेवर ठेवला आणि म्हणाली, उन्हाळ्यात असं होते वं, मनावर नको घेऊ.

२७ एप्रिल

फार वाईट दिवस. लिहायलाही नको वाटतं, पण लिहिलं नाही तर माझा माझ्यावर विश्वास राहणार नाही.

रामटेककडची एक कोवळी पोर होती, धान्याच्या गोदामात बेशुद्ध पडलेली. काल सकाळी तिनं स्वतः उठून केस विंचरले होते. दुपारी तिच्या अंगावरची ओली चादर काढून, बर्फ बाजूला करून, तिला खिडकीशी उन्हात निजवण्यात आलं. संध्याकाळी ती गेली.

मी बायजाबाईंवर ओरडले. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, ''तुमीच त सांगितलं ना बाई, आता हिले चादर नको म्हणून. मी दोनदा विचारलं तुमाले.''

त्या वेळी मी डीनसाहेबांच्या खोलीत बसले होते, नव्या भरतीबद्दल बोलत. ते आजच्या चौकशीत सांगतील या भरवशावर मी होते. ते म्हणाले, बाई जेवणाच्या सुमारास उठून गेल्या, नक्की आठवत नाही. दोन स्टाफनर्सनी बायजाबाईंना दुजोरा दिला. आया जनाबाईनंही. शेवटी गोपिकाला विचारलं.

गोपिका खाली मान घालून म्हणाली, मी व्हरांड्यातून पाहिलं. वच्छलाबाईच होत्या.

वच्छलाबाई. इतक्या वर्षांत तिनं मला कधी बाई म्हटलं नव्हतं.

२९ एप्रिल

आता कळतं. सगळं ठरवून चाललंय. मी सर्जनसाहेबांना दुखावलं, जुन्यांची सवय मोडली, त्याचा हा सूड. गोपिकाला ही खुर्ची हवी होती, फक्त माझ्या चुकीनंतर हवी होती. रिक्षातलं ते रडणं! मोगऱ्याचा गजरा! जेवण जात नाही. यमुताईला फोन करावा म्हटलं, पण तिची आई आजारी, तिला कशाला त्रास.

मात्र एक गोष्ट बसत नाही. वॉर्डातले पेशंट खोटं का बोलतील? ते तर माझी वाट बघतात. काल एक बाई दुसरीला म्हणत होती, सकाळची मेट्रन कडक हाय वं, दुपारची लय मायाळू.

२ मे

पाहिली.

तीव्र ऊन होतं, व्हरांडा पांढरा झाला होता. मी मुद्दाम फेरीला उशीर केला आणि वॉर्डाच्या बाहेर, वाळ्याच्या पडद्याआड उभी राहिले. कुणी ढोंग करत असेल तर तिला हाताला धरून डीनसाहेबांसमोर न्यायचं, असं ठरवलं होतं.

ती पलीकडच्या दारातून आली. पांढरी साडी, माझा बिल्ला. चालताना डावा पाय किंचित ओढते तीही माझीच सवय, सायकलवरून पडल्यापासूनची. एकेका खाटेशी थांबत होती. कपाळावर हात ठेवत होती. माणसं लहान मुलांसारखी डोळे मिटत होती. बायजाबाई मागून अदबीनं चालत होत्या.

मग तिनं तोंड पडद्याकडे वळवलं. आरशात दिसतं तसं नव्हतं ते. फोटोत दिसतं तसं, भांग उलट्या बाजूला. दुसऱ्यांना मी जशी दिसते तशी. ती माझ्याकडे बघून हसली, आणि ते हसू इतकं प्रेमळ होतं की

वॉर्डात जाऊन मी ओरडले असेन. बायजाबाईंनी मागे वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या पलीकडे.

४ मे

गोपिकाला तिच्या क्वार्टरमध्ये गाठलं. दार लावू दिलं नाही. मी तिचे खांदे धरून हलवले तेव्हा बोलली, आणि मग थांबेचना.

ती म्हणाली, ते आधीपासून आहे. ज्या बाईकडे मेट्रनचा चार्ज असतो, तिचं रूप ते घेतं. उन्हाळ्यात सुरू होतं. आधीच्या बाई आपोआप निवृत्त झाल्या नव्हत्या, त्यांनी चार्ज गोपिकावर टाकून गाव सोडलं होतं. मागच्या उन्हाळ्यात गोपिका घाबरून रजा घेऊन बहिणीकडे राहिली. परत आली तर ती रजेवर होती हे कुणालाच माहीत नव्हतं. रोज दुपारी फेरी झाली होती. हळूहळू सकाळीही लोक हिला ओळखेनासे झाले, त्या दुसरीलाच विचारू लागले. सुटकेची वाट एकच. चार्ज घ्यायला दुसरी कुणीतरी आपण होऊन, आनंदानं यायला हवी.

म्हणून मी.

मी म्हटलं, माझंच नाव का? ती रडत होती. म्हणाली, ''काय करू वं? मले जगायचं होतं. तू एकटी होती. ना लेकरू ना बाळ. वाटलं, तुह्यामागं रडणारं कोणी नाही.''

एका ताटात जेवलेली माझी मैत्रीण. माझ्यामागं रडणारं कोणी नाही, हे तिनं मोजून घेतलं होतं. मी तिला मारलं नाही. तिच्या ओट्यावरून उतरताना पायरी दिसली नाही, गुडघा फुटला.

७ मे

डीनसाहेबांकडे राजीनामा दिला. वॉर्डातल्या प्रकारानंतर त्यांना तो हवाच होता. पण म्हणाले, चार्ज कुणाला तरी द्यावा लागेल. गोपिकाबाई आजारपणाच्या रजेवर गेल्या आहेत. अकोल्याकडची कुणी चांगली सिस्टर सुचवा, तुमच्या शब्दावर मी तिला बोलावतो.

त्यांचं वाक्य संपायच्या आधी माझ्या मनात नाव आलं होतं.

मी म्हटलं, कुणी नाही. बाहेर आले, भिंतीला टेकून उभी राहिले. नाव किती पटकन आलं! गोपिकाला वेळ तरी लागला असेल.

नाही देणार. काही झालं तरी.

१० मे

आता दुपारभर वॉर्डातच बसते. सगळ्या खाटांच्या मध्ये स्टूल टाकून. मी समोर असताना ती कशी येईल? तीन दिवस आली नाही. कुणी दगावलं नाही. पेशंट मात्र नाराज आहेत. मायाळू बाई का येत नाहीत म्हणून मलाच विचारतात.

बायजाबाईंना आज तीन हाका माराव्या लागल्या. जनाबाई माझ्या पायाशी पुसत होती, फडकं माझ्या चपलेवरून गेलं, तिनं वर पाहिलं नाही.

१२ मे

डीनसाहेब खूश आहेत. माझे आभार मानले. म्हणाले, बाई, तुम्ही नाव दिलंत ते उत्तम झालं, कालच ट्रंककॉल केला, त्या तयार आहेत.

कुणाचं नाव?

ते हसले. म्हणाले, परवा दुपारी याच खुर्चीवर बसून तुम्हीच सांगितलंत. यमुताई. किती कौतुक केलंत त्यांचं!

परवा दुपारी मी वॉर्डात होते. स्टुलावर. दुपारभर.

मी मनातसुद्धा पुन्हा ते नाव घेतलं नव्हतं. एकदाच आलं होतं. एकदाच—

१३ मे

तार केली. येऊ नकोस, नोकरी नाकार. तारबाबूला तीनदा वाचून दाखवायला लावलं. तो वाचत होता तेव्हा माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत होता.

१४ मे

यमुताईच्या शेजाऱ्यांकडे फोन लागला. ऑपरेटरनं तिला बोलावून घेतलं. माझा आवाज तिला ऐकू येत नव्हता, ती नुसतं हॅलो हॅलो— मग कुणाला तरी म्हणाली, लाइन खराब आहे, पण काल रात्री बोलणं झालंय वच्छलाताईशी. तार चुकून गेली म्हणाल्या. आईलाही सोबत आण म्हणाल्या. क्वार्टर मोठं आहे.

किती आनंदात होती.

ऐक ना गं. ऐक—

१५ मे

आज येतेय. स्टेशनवर जाणार होते. रिक्षावाले थांबत नाहीत. हात करते, निघून जातात. चालत निघाले, उन्हानं भोवळ आली, फाटकातून परत. ऑफिसच्या खिडकीशी बसलेय. इथून रस्ता दिसतो. आली की ओरडेन. खिडकीतून उडी टाकेन. काहीतरी करेन.

रिक्षा आली. आई मांडीवर पिशवी धरून बसलीय. यमुताई उतरली. हिरवी साडी. वर इमारतीकडे बघतेय, तोंड उघडं ठेवून, मी पहिल्या दिवशी बघितलं तसं.

ती गेटात उभी आहे. माझी साडी, माझा पाय. हातात गजरा. यमुताईनं तिला मिठी मारली.

ओरडतेय. मी ओरडतेय. कुणीही—

तिनं यमुताईच्या खांद्यावरून वर पाहिलं. तोंड हलतंय, पाण्यातल्यासारखं. भांग सरकतोय. आता ते माझं नाही. गालावर तीळ— यमुताईचा—

दार उघडलं. बायजाबाई. सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, ''काहून ओरडून राहिले बाई? बरं नाही का तुमाले? पाणी आणू?''

मला. मला विचारलं. किती दिवसांनी कुणीतरी माझ्या डोळ्यांत— आणि देवा, मला किती बरं वाटलं. पाणी प्यायले. गार. सगळं. खाली यमुताई हाक मारतेय, वच्छलाताई कुठं आहेत म्हणून, मला उठायला हवं, सांगायला हवं, अजून वेळ आहे, तिनं चार्जवर सही केली नसेल तर— उठते. हे एवढं पाणी संपवून उठते, मग—