नऊ मिलिमीटरचा पोचा

ती. मामास,

साष्टांग नमस्कार. (हाताला गोंद लागलाय, म्हणून तूर्त कागदावरच.) गुडघा कसा आहे? इकडे सगळे बरे. बाबा निवृत्त झाल्यापासून फारच बरे, म्हणजे दिवसभर माझ्या कामात लक्ष घालतात.

तू आणि बाबांनी मिळून घेतलेल्या गाडीचं मी मॉडेल करतेय, एकास चोवीस प्रमाणात. तिचा तयार संच मिळत नाही. म्हणून तिच्यासारख्याच एका गाडीचा संच घेऊन छप्पर कापलं, नाक लांबवलं, आणि तू शिकवलंस तसं पॉलिशपेपर ओला ठेवून घासलं. रंगही साधला: उन्हानं विटलेला निळा. (मागच्या सीटवर पिशव्यांमध्ये कोंबलेली मी आणि घसरणारी काच हातानं धरून बसलेली आई, एवढं मात्र त्यात मावलं नाही.)

बाबांनी चष्मा लावून पाहिलं. "छान आहे. पण ही आपली नाही. पोचा कुठाय?"

वीतभर पोचा या प्रमाणात नऊ मिलिमीटर होतो. मी ड्रायरनं दार गरम करून चमच्याच्या पाठीनं दाबलं. ऊब बेताची आहे असं मी गृहीत धरलं होतं, प्लॅस्टिकनं नाही. दार, खांब, निम्मं छप्पर, सगळं मेणासारखं खाली बसलं. सगळं नव्यानं केलं, तर पोचा कुठल्या दाराला यावरून जुंपली.

"मागच्या," आई म्हणाली. "माझ्या भावानं गाडी फाटकाला घासली तेव्हा मी आत होते!"

"होतीस, पण डोळे मिटून," बाबा म्हणाले. "तो चालवायला बसला की तू तशीच बसायचीस."

"निदान त्यानं कुणाला न विचारता गाडी विकली तरी नाही!"

तू इथे येणं सोडलंस ते त्या विक्रीपासून, पण घरात हे आजवर कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. बाबा मॉडेल उचलून खोलीत गेले. दाराचा गोंद ओला होता, तरी मी ते नेऊ दिलं.

तर पोचा पुढच्या दाराला की मागच्या, तेवढं कळव.

तुझी भाची

ता. क. कळवण्यापेक्षा येऊनच दाखव. पोच्याचा आकार लिहून सांगता येत नाही.

आणखी ता. क. खरं तर पोचा कुठे होता ते मला ठाऊक आहे. जुन्या फोटोत स्वच्छ दिसतो, पुढच्या दाराला. बाबांनीच थोड्या वेळानं फोटो आणून दिला. मी चमचा उचलला, तर म्हणाले, "थांब. या वेळी त्याला विचारल्याशिवाय काही करायचं नाही."