धुरांड्याचं झाड

७ ऑगस्ट १९९४, रविवार
परत तोच वास. सडकी अंडी आणि वरून नेलपॉलिश. पाऊस लागला की समोरची कंपनी गॅस सोडते, म्हणजे पावसाच्या नावावर खपतं. सौ.ने खिडक्या लावल्या, दाराच्या फटीला ओलं फडकं. वैजूने दोनदा दम्याचा पंप मारला. ऐन विशीतली आमची मुलगी, जिना चढताना म्हातारीसारखी कठड्याला धरून उभी राहते. मानपाड्याला जागा इतकी स्वस्त का मिळाली ते आता कळतंय.

संध्याकाळी गणपती मंडळाची मीटिंग. अध्यक्ष जनूशेठ. इथलाच आगरी, आता बिल्डर, पुढे नगरसेवक व्हायचंय. यंदाचा विषय पर्यावरण. अख्ख्या डोंबिवलीत यंदा सगळ्यांचा तोच असणार. पर्यावरण वाचवा, आणि तेही थर्माकोलमध्ये! देखावा नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात.

माझी आयडिया: मधे कंपनीचं धुरांडं, त्यातून खरा धूर. शेजारी बाप्पा. वायपरची मोटर लावली की सोंड उचलली जाते आणि धुरांड्याच्या तोंडावर बसते. धूर बंद. पोरं जाम खूश. कुठली कंपनी ते लिहायची गरज नाही, मंडपातून दिसतेच.

१० ऑगस्ट
ठाण्याला ऑफिसात दोन कॉम्प्युटर आले. आधी त्यांच्यासाठी काचेची केबिन, गालिचा, एसी. आत जाताना चपला काढायच्या. देवळात निदान घंटा तरी वाजवू देतात. आम्ही ड्राफ्ट्समन लोक घामाने हात कागदाला चिकटतो म्हणून वर्षानुवर्षं एक जादा पंखा मागतोय. बजेट नाही. मशीनला उकडतं, माणसाला उकडत नाही.

साहेब म्हणाले, "याने तुमचंच काम सोपं होईल." आजवर ज्याने ज्याने माझं काम सोपं केलं, त्याने आमच्यातला एकेक माणूस कमी केला.

१४ ऑगस्ट, रविवार
जनूशेठ सकाळीच घरी. म्हणे पावतीपुस्तकं घेऊन हिंडायला नको, सगळा देखावा एक कंपनी स्पॉन्सर करतेय. कुठली? तीच! मी हसत सुटलो. तो नाही हसला.

संध्याकाळी कं.चे पी.आर. साहेब आले. टाय, चिखलात चकचकीत बूट. माझं चित्र बघून "वंडरफुल" म्हणाले. मग हळूच: "धुरांड्याऐवजी झाड केलं तर? बाप्पा सोंडेने पाणी घालतायत. मेसेज तोच राहतो हो, फक्त पॉझिटिव्ह."

मी म्हटलं, बघू. बघू कसलं, डोकं फिरलं होतं. चोराने पोलिसाच्या युनिफॉर्मला कापड द्यायचं आणि वर शिलाईही सांगायची.

१८ ऑगस्ट
वैजूला इंटरव्ह्यू कॉल. कॉम्प्युटर ऑपरेटर. वैजूने नाक्यावरच्या कॉम्प्युटर क्लासचा कोर्स केला, "जॉब गॅरंटी" असा बोर्ड आहे त्यांचा. गॅरंटी फक्त फीची निघाली. वर्ष झालं, सगळीकडे अर्ज करते, कुठून उत्तर नाही. आज आलं.

कंपनी तीच.

सौ. म्हणाली, "गुणाची पोर आहे, मिळाला कॉल, त्यात काय?" मी म्हटलं, गुणाची होतीच की वर्षभर.

२२ ऑगस्ट
इंटरव्ह्यू झाला. आधी टायपिंगची टेस्ट, मग बराच वेळ तिथेच बसवून ठेवलं. मला वाटलं खोकून बेजार होऊन येणार. तर उड्या मारत आली.

"बाबा, एकदासुद्धा पंप लागला नाही!"

कसं काय? तर म्हणे कॉम्प्युटर रूमला दोन दारं आहेत, एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आतली हवा गाळून येते. धूळ नाही, वास नाही. डिस्क खराब होतात ना. "मानपाड्यात श्वास घ्यायला तीच एक जागा आहे बाबा. मला कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं."

म्हणजे वास बाहेर आमच्यासाठी, आणि गाळलेली हवा आत मशीनसाठी. स्वतःच्या वासाने स्वतःचं मशीन बिघडतं हे यांना चांगलं ठाऊक आहे. पोरगी बिघडते ते नाही.

पण तिचा चेहरा. ताप उतरल्यावर दिसतो तसा.

२५ ऑगस्ट
जनूशेठने नाक्यावर गाठलं. "काय आर्टिस्ट, पोरीचं काम जालं ना? मंग आता झाडाचं बगा." असं सरळच.

मी म्हटलं, तुम्ही सांगितलंत वाटतं कंपनीत? "मी कशाला सांगू? तेनीच इचारलं, आर्टिस्टच्या घरी कोन कोन हाय."

मी म्हटलं, शेठ, तुम्हाला तरी हा धूर गोड लागतो का? त्याने कंपनीकडे बोट केलं. मग म्हणाला, "ती कंपनी हाय ना, थं आमची भातशेती व्हती. पैसं आलं तवा बापानं पेढं वाटलं गावात. मना काय धुराची हौस हाय? पन इलेक्शन हाय, आर्टिस्ट."

खोटं बोलला असता तर भांडता आलं असतं.

२८ ऑगस्ट, रविवार
घरात महाभारत. मी म्हटलं, नोकरी नको, दुसरीकडे बघू. वैजू तडकली. "दुसरीकडे म्हणजे कुठे? तुमचं धुरांडं दहा दिवस. मग विसर्जन, मंडप खाली. मला रोज श्वास घ्यायचाय."

सौ. म्हणाली, "तुम्हाला टाळ्या हव्यात, दुसरं काय." हे लागलं. थोडं खरं असल्याशिवाय लागत नाही. पण सगळं खरं नाही. मला त्या माणसाच्या टायसमोर खरा धूर काढायचाय. वय झालं, पण अजून ती खाज आहे.

आणि त्याच वेळी पोरीला ते दोन दारांचं देऊळ मिळावं असंही वाटतं. कधी नाही इतकं वाटतं. लाज वाटते.

३ सप्टेंबर
नोकरीचं पत्र आलं. सोमवार १२ तारखेपासून. सहा महिने प्रोबेशन, म्हणजे कधीही हाकलता येतं. पत्रात झाडाबद्दल अक्षर नाही. लिहितात कशाला?

मंडपात गेलो. धुरांड्याच्या पत्र्याच्या पाइपाला गोणपाट गुंडाळलं, लगद्याची साल केली, वर फांद्या. हिरव्या क्रेपची पानं. पोरं नुसती बघत होती. एकाने विचारलं, "काका, धुरांडं कॅन्सल?" मी खेकसलो त्याच्यावर. बिचारा.

८ सप्टेंबर
झाड तयार. सोंड आता पाणी घालते. अगदी कॅलेंडरवरचं चित्र. माझ्या हातचा इतका गुळगुळीत देखावा आजवर झाला नाही. बघवत नाही.

९ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
प्रतिष्ठापना. संध्याकाळी पहिली आरती, ही गर्दी. मी मोटर चालू केली. बाप्पाची सोंड वर, पाणी झाडाच्या बुंध्याला, लोक "वा वा". आणि झाडाच्या शेंड्यातून भसाभसा धूर!

धुरांड्यासाठी बुडाशी बसवलेला पंखा मी काढलाच नव्हता. मोटरच्याच बटणावर तो. आरतीचं धुपाटणं कुणीतरी त्याच्यापुढे ठेवलं, पंख्याने ओढला धूर आणि दिला वर. बाप्पा पाणी घालतायत, झाड धूर ओकतंय.

लोक माना वर करून बघत राहिले. मग एक बाई हसली, आणि अख्खा मंडप. कुणीतरी ओरडलं, "इथलंच झाड आहे हे!" टाळ्या थांबेनात. वैजू तर पोट धरून हसत होती. हसता हसता श्वास लागला. मीच पाठ चोळत बाहेर आणली, पंप दिला.

पंखा काढायचा खरंच विसरलो? देवाशपथ सांगता येत नाही.

१० सप्टेंबर
शेजारच्या कॉलन्यांतून लोक धुराचं झाड बघायला येतायत. कळव्याहून मेव्हणा आला फॅमिली घेऊन. जनूशेठची पंचाईत: गर्दी बघून मतं दिसतायत, कंपनी बघून बुडणारे पैसे. "उद्या सातच्या आरतीला सायेब येनार. पंखा ठेवाचा का काडाचा, तुमी बोला."

आता तुमी बोला! वा रे अध्यक्ष.

११ सप्टेंबर, रविवार
सकाळपासून वास. खिडक्या बंद. वैजू उद्याच्या ड्रेसला इस्त्री करतेय, मधेच थांबून पंप, परत इस्त्री.

विचारलं एकदाचं. पंख्याचं काय करू?

तिने वर बघितलं नाही. "परवा हसले ना बाबा, तितकी मी कधीच हसले नव्हते." मग ड्रेसची बाही उलटली. मग म्हणाली, "उद्या या वेळेला मी आत असेन."

ती आत. आम्ही दोघं बाहेर. असूदे, चालेल. तिला असूदे. पण मंडपातल्या त्या माणसांना परत काय दाखवू, नुसतं पाणी?

सौ. म्हणतेय सहा वाजले, चहा घेऊन जा. पोरं खाली हाका मारतायत. स्क्रू ड्रायव्हर घेतलाय. घेतला म्हणजे पंखा काढणारच असं काही