निरोगी रांग

३ जून
नोकरी पक्की झाली. प्रमुखबाईंनी सकाळी स्वतः फोन करून सांगितलं आणि दुपारी मी रुजूही झाले. दादा म्हणाला, बरं झालं, आता तुझे प्रयोगाचे नमुने घरच्या फ्रिजमधून हलतील, पाण्याच्या बाटल्या ठेवायला जागा होईल.

औषध-संशोधनाचं हे केंद्र झकास आहे. कुणा एका विद्यापीठाचं नाही, सगळ्यांचं. औषध ठरू शकतील अशी हजारो संयुगं इथल्या शीतगृहात कुप्यांमध्ये ठेवली आहेत. बाहेरच्या प्रयोगशाळा रोगी पेशी पाठवतात, आम्ही त्यांच्यावर एकेक संयुग घालून बघतो. शीतगृह सांभाळणाऱ्याला सगळे गारठा म्हणतात. भर उन्हाळ्यात कानटोपी घालून फिरतो आणि कुणी हसलं की त्यालाच आत पाठवतो.

इथली एक रीत फार आवडली. नवीन माणूस आला की त्याचं थोडं रक्त घेऊन निरोगी पेशी वाढवतात. प्रत्येक प्लेटमध्ये, म्हणजे खळग्यांच्या तबकडीत, एक रांग रोगी पेशींची, शेजारी एक निरोगी. निरोगी रांगेला औषध द्यायचं नाही, ती फक्त तुलनेला. माझं रक्त काढलं तेव्हा टाळ्या वाजल्या. आता मी इथली अधिकृत निरोगी बाई!

१० जून
मूत्रपिंडाच्या रोगावर काम करणाऱ्यांची प्लेट लावली. एका संयुगाने रोगी रांग अक्षरशः उठवून बसवली. इथे त्याला लाडाने सोनुली म्हणतात, मागेही तिने चमत्कार केलेत म्हणे. पण माझी निरोगी रांग अख्खी मेली. तिला तर काहीच दिलं नव्हतं. गारठ्याने विचारलं, बाईसाहेब, पिपेट उलटं धरलं होतं का? ओशाळून पुन्हा केलं. पुन्हा तेच.

१४ जून
आज सोनुली घातलेल्या रोगी पेशी वरच्या मजल्यावर ठेवल्या आणि माझ्या तळमजल्यावर, वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये, कुलूप लावून. वरच्या बऱ्या झाल्या. खालच्या मेल्या. मेल्या त्याही मूत्रपिंडाच्या त्या रोगात मरतात तशाच.

सोनुली रोग मारत नाही. इकडून उचलून तिकडे ठेवते.

सकाळी पाय सुजले होते. चप्पल चढेना.

१८ जून
गारठ्याला पाय दाखवले. त्याने कानटोपी काढली. माझ्याआधी निरोगी रांग जिची होती, ती यकृतवाल्यांची प्लेट लागली त्या आठवड्यात पिवळी पडली. गेली. तिच्या आधीचा तंत्रज्ञही असाच. मला वाटलं योगायोग, म्हणाला. मग म्हणाला, पळ, ताई.

पळून कुठे जाऊ? माझ्या पेशी तर इथेच आहेत.

१९ जून
प्रमुखबाईंना सगळं माहीत आहे. चहा ढवळत ऐकून घेतलं. एक गेला आणि हजारो वाचले तर त्यात वाईट काय, म्हणाल्या. मी म्हटलं, काहीच नाही बाई, तुमचं रक्त द्या. चमचा थांबला.

नंतर म्हणाल्या, सोनुली आता सगळ्या प्रयोगशाळांना जाणार, सोबत तुलनेला तुझ्या पेशी. तुला नको असेल तर सोमवारी नवीन मुलगी रुजू होतेय, तिच्या घेऊ.

म्हणजे तिलाही टाळ्या वाजवणार.

राजीनामा देणार नाही. मी हलणार नाही इथून.

२१ जून
बाईंनी फुफ्फुसवाल्यांची प्लेट लावली. मला न विचारता. खोकला सुरू झाला — जिन्यात दोनदा बसले. दादा न्यायला येतो म्हणाला. नको म्हटलं. सोमवारच्या आत उरकायचंय.

२२ जून
दुपारी गाडी येणार, सोनुली आणि माझ्या पेशी न्यायला. शीतगृहाच्या दारात पोचले. गारठ्याने आपला कोट दिला, वर ब्लीचचा कॅन. तू मेलीस तर, म्हणाला. मी म्हटलं, पेशी माझ्या. मारायच्या तर मी मारीन. आत शिरले, आतून कडी घातली.

तासाभराने
माझ्या पेशींच्या सगळ्या कुप्या ब्लीचमध्ये. छातीत कळ आली — गेली. अजून आहे मी! कोट घट्ट ओढून घेतला.

बाई दार ठोकतायत. हजारो रोग्यांची नावं घेतायत. मी आतून ओरडले, त्यांना दुसरं औषध शोधू, माणूस न खाणारं — लागू देत वर्षं —

आता सोनुलीची मूळ बाटली, एकुलती. झाकण घट्ट.

बाहेर गाडीचा आवाज. गारठा ड्रायव्हरला सांगतोय, न्यायला काही नाही, बाबा, रिकामी ने.

उघडलं. वास नाही. ब्लीचमध्ये ओततेय — फेस — श्वास पुरत नाही, नसू दे — अर्धी झाली — उरलेली ओतली की कडी काढणार, आणि बाईंच्या समोरून, माझ्या पायांनी, मी —