पोटावरच्या खुणा

३ मार्च
पुन्हा तेच! शेजारीण म्हणाली, "पिल्लू अगदी आत्यावर गेलीय हो!" अगं बाई, दत्तक पोर आत्यावर जाईलच कशी? तिला ठाऊक नाही, म्हणून हसले. आतून नुसता जळफळाट. पिल्लूही काही कमी नाही — आत्या दिसली की आई गेली खड्ड्यात!

६ मार्च
वन्संचं लग्न ठरल्यापासून घर त्यांच्याभोवती नाचतंय. आता मांड्या खडबडीत दिसतात म्हणून इंजेक्शनं! कातडीखाली गॅस सोडतात म्हणे — कार्बन डायऑक्साइड. सासूबाई घाबरल्या, "अगं, आणि काडी लागली तर?" मी यांना म्हटलं, मलाही घेऊ द्या की. "तुला काय गरज?" झालं! सगळी माया बहिणीवर.

९ मार्च
पिल्लू आत्याजवळ झोपली. झोपू दे. मला काय!

१२ मार्च
सोबतीला मलाच पिटाळलं. वन्सं म्हणाल्या होत्या, बाहेरच बसा. पण सुई टोचली आणि "वहिनी!" अशी हाक आली, तशी मी धावतच पडद्याआड. मांड्या राहिल्या बाजूला — पोट उघडं. बेंबीखाली रुपेरी चिरा. नर्सनं बोट दाबलं की गॅसनं फुगलेली कातडी कुरकुरायची. ती सहज बोलून गेली, "बाळंतपणाच्या खुणा पार जात नाहीत हं. फिकट होतात."

बाळंतपण? कुणाचं?

वन्सं रडायलाच लागल्या. नोकरीसाठी म्हणून त्या वर्षभर परगावी होत्या. त्याच वर्षी यांनी कुठल्याशा डॉक्टरच्या ओळखीनं पिल्लूला घरी आणलं. "दादानं शपथ घातली होती, वहिनी." सासूबाईंनाही माहीत! म्हणजे घरात खुळी मी एकटीच.

१३ मार्च
यांना विचारलं. म्हणाले, "मूल तर तुलाच मिळालं ना?"

मिळालं! वाटीभर साखर मिळावी तसं!

दार लावून आरशात पोट पाहिलं. गुळगुळीत. एक ओरखडा नाही. त्या चिरांचा इतका हेवा वाटला — इतका जन्मात कुणाच्या दागिन्यांचाही वाटला नव्हता. पिल्लूनं हाक मारली, "आई!" मी दाराची कडी काढली नाही.

१५ मार्च
वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. "वहिनी, या खुणा आता पुसाव्याशा वाटत नाहीत. तेवढंच तर माझ्याकडे आहे तिचं. इंजेक्शनं थांबवू का?"

म्हटलं, "एकही ठेवू नका. मी येते बरोबर."