ओट्याची उंची

मोरा, ३ नोव्हेंबर १९८१

चि. नंदकुमार यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र मोऱ्यातल्या तीन तक्रारदारांचं आहे: आई, मी आणि दोरीने बांधून ठेवलेली आईची ट्रंक. वाशीच्या फ्लॅटचा ताबा मिळून नऊ महिने झाले. वास्तुशांत तू तीनदा पुढे ढकललीस आणि आम्हाला दर वेळी एकच उत्तर, अजून थोडं राहिलंय. परवा मासळीवाल्या भागीरथीने सगळ्यांदेखत विचारलं की आजी अजून गेल्या नाय का लेकाकडे. आई नुसती हसली.

कारखान्यात तू माल तपासतोस, केसाएवढा फरक दिसला तरी परत पाठवतोस. ते तुझं कामच आहे. पण घर म्हणजे यंत्राचा सुटा भाग नव्हे आणि आई म्हणजे गिऱ्हाईक नव्हे!

लोभ आहेच, सध्या जरा रुसलेला.
तुझी ताई, जयमाला

वाशी, १४ नोव्हेंबर १९८१

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

तुझं भाषण पोचलं. इथे पावण्याला आमच्या कारखान्याच्या गेटवर केलं असतंस तर टाळ्या पडल्या असत्या. पण ऐक. गणपतीत मी आईच्या कोपराची उंची मोजली, तेव्हा पोलकं शिवतोस का म्हणून ती हसली होती. जन्मभर वाकून रांधून तिची कंबर गेली, म्हणून ओटा तिच्याच मापाचा हवा. पंढरी गवंड्याने तो पाऊण इंच उंच बांधला, फोडायला लावला. दुसऱ्या खेपेला कोपऱ्यात पाणी साचलं, पुन्हा फोडला. पंढरी म्हणतो, साहेब, बायकोनेपण एवढं नाचवलं नाय. संक्रांतीला नक्की नेतो.

लोभाला तडा जाऊ देऊ नकोस.
नंदू

वाशी, २६ जानेवारी १९८२

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

आईला इस्पितळातून मोऱ्याच्या घरी सोडून काल परतलो. डॉक्टरांचे शब्द डोक्यातून जात नाहीत: उजवी बाजू गेली, बसेल, पण उभी राहणार नाही.

ताई, तिला झटका आला त्याच्या आदल्या दिवशी ओटा पुरा झाला होता. बरोबर तिच्या कोपराइतका. काल त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. थेंब साचला नाही.

पंढरीला परत बोलावलंय. खुर्चीत बसून हात पोचेल इतका ओटा खाली घेतो, न्हाणीचा उंबरा काढतो. फक्त दोन महिने दे. या वेळी चुकणार नाही.

तुझ्या लोभावर भिस्त ठेवून,
नंदू

मोरा, २ फेब्रुवारी १९८२

चि. नंदकुमार यास आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. दोन महिने ऐकल्यावर तिने डाव्या हाताने ट्रंकेची दोरी सोडायला घेतली. गाठ सुटेना. मी मदत केली नाही.

दोष एकट्या तुझा नाही. मी गावोगावच्या सभा गाजवते, आणि तुला मात्र पत्रं लिहीत बसले. नोव्हेंबरचं पत्र तर चारदा फाडून लिहिलं, टोमणा नीट बसत नव्हता म्हणून! तेवढ्या वेळात तिला हाताला धरून तुझ्या दारात आणलं असतं, तर ती आपल्या पायांनी आत आली असती.

काल अडखळत तिने विचारलं की नंदूच्या खिडकीतून खाडी दिसते का. तू कधी लिहिलंच नाहीस.

ओट्याला हात लावू नकोस. पंढरीला फोडायला नको, उचलायला बोलाव. तुझ्याकडे दोन जिने आहेत, तिला खुर्चीसकट न्यायला दोघं लागतील. लोभ, राग, सगळं नंतर.

गाठ अजून तशीच आहे. येत्या रविवारी सकाळी टॅक्सी घेऊन ये.

ताई